धोकटीतून डबीत

परगावी जायचं ठरलं की माझी बॅग भरायला सुरुवात होते ती एका पितळी डबीपासून. लांबीला वीतभर, जाडीला चार बोटं. निकेलचा मुलामा कडांवरून उडालेला. ही डबी माझ्या वडिलांची. अण्णा सरकारी नोकरीत हिशेब तपासनीस होते आणि महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असत. आज सांगलीचा डाकबंगला, तर चार दिवसांनी कुडाळला कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम. कुठंही असले तरी सकाळी सातच्या आत त्यांची दाढी झालेली असे. त्यासाठी लागणारा सगळा ऐवज या डबीत मावायचा. तीन तुकड्यांत सुटा होणारा सेफ्टी रेझर, पात्यांचं एक पाकीट, साबणाची कांडी, स्वतःच्याच पोकळ मुठीत उलटा बसणारा आखूड ब्रश आणि तुरटीचा खडा. झाकणाच्या आतल्या बाजूला घासून चकचकीत केलेला पत्रा होता, तोच आरसा.

ही डबी मी कितीदा भरली असेल त्याचा हिशेब नाही. पण ती एवढी लहान कशी झाली, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. वस्तू लहान करणं हे कारागिराचं काम, त्यात काय विशेष, असं वाटायचं. मग जुनं वाचत गेलो आणि ध्यानात आलं की या डबीत जागा झाली ती काही माणसं आणि काही कसब त्यातून बाहेर पडल्यामुळे. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

आपल्याकडे दाढीच्या प्रवासी सामानाला फार जुना आणि नेमका शब्द आहे, धोकटी. न्हाव्याची कातडी पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, कंगवा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड, धार घोटायचा कातडी पट्टा, आरसा आणि तुरटी. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी न्हावी हा एक. तो धोकटी काखेला मारून घरोघर जाई आणि सुगीला त्याचं बलुतं त्याला मिळे. म्हणजे प्रवास वस्तरा करत होता आणि दाढी करून घेणारा आपल्या अंगणात बसून होता. त्यालाच गाव सोडून जायचं असेल, तर मोठा माणूस न्हावी बरोबर नेई. बाकीचे वाटेतल्या गावात न्हावी शोधत किंवा दाढी वाढू देत. संत सेना महाराज याच धोकटीचे धनी. त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात आरसा, चिमटा ही आपली रोजची हत्यारंच परमार्थाच्या कामाला लावलेली आहेत.

मात्र आपला वस्तरा आपल्याच झोळीत घेऊन चालणारी माणसं या देशात त्याहून कितीतरी आधी होती. बौद्ध भिक्षूंनी जवळ बाळगायच्या आठ वस्तू ठरलेल्या आहेत. तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळायचं साधन आणि वस्तरा. घरदार सोडलेल्या माणसाच्या एकूण आठ वस्तूंत वस्तऱ्याला जागा आहे! विनयपिटकात तर वस्तऱ्याबरोबर त्याचा दगड, त्याचं म्यान असं सगळं ‘खुरभंड’ ठेवायला परवानगी दिलेली आहे. केस दोन महिन्यांहून अधिक काळ किंवा दोन बोटांहून लांब वाढू द्यायचे नाहीत, असाही दंडक आहे. कार्ले, भाजे, अजिंठा इथल्या विहारांत पावसाळा काढून पुन्हा वाटेला लागणाऱ्या भिक्षूंसाठी हे नियम होते. प्रवासी दाढीसंचाची याहून जुनी यादी निदान माझ्या वाचनात नाही.

त्याच ग्रंथात एक अपवाद आहे, आणि तो मला फार विचार करायला लावतो. जो भिक्षू पूर्वाश्रमी न्हावी होता, त्यानं मात्र खुरभंड बाळगायचं नाही. यामागची कथा अशी की पूर्वी न्हावी असलेल्या एका भिक्षूनं बुद्धांच्या स्वागतासाठी आपल्या मुलांना घरोघर धोकटी घेऊन पाठवलं आणि लोकांच्या हजामती करून धान्य गोळा केलं. बुद्धांना ते रुचलं नाही. याच संघात उपाली नावाचा शाक्यांचा न्हावी भिक्षू झाला आणि विनयाचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणून मान पावला. म्हणजे आपल्या दाढीपुरता वस्तरा वेगळा आणि दुसऱ्याच्या दाढीसाठीचा वस्तरा वेगळा, हा भेद तेव्हाच कुणाच्या तरी नीट ध्यानात आलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता एकदम युरोपात जाऊ. तिथंही श्रीमंतांची दाढी नोकर करत असे. नेपोलियनचा खासगी सेवक कॉन्स्टां यानं आठवणी लिहिल्या आहेत. नेपोलियन आधी दुसऱ्याकडून दाढी करून घेई. दाढी चालू असताना हा गृहस्थ बोले, मान वळवी, कागद वाचू लागे आणि करणाऱ्याचा जीव टांगणीला लागे. शेवटी कॉन्स्टांनंच त्याला स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवलं. त्यानंतर नेपोलियन स्वतः वस्तरा चालवी आणि रुस्तम नावाचा त्याचा सेवक समोर आरसा धरून उभा राही. बिएन्ने नावाचा पॅरिसचा सुवर्णकार त्याच्यासाठी प्रवासी पेट्या बनवत असे. एकेका पेटीत वस्तरे, ब्रश, बाटल्या असे कितीतरी जिन्नस एकमेकांत इंच न इंच बसवलेले. कारागिरी अप्रतिम, पण पेटी उचलायला माणूस लागे आणि आरसा धरायलाही. सम्राटाचा संचसुद्धा पूर्णपणे त्याच्या एकट्याचा झाला नव्हता.

याचं कारण वस्तऱ्यातच होतं. उघडा वस्तरा वापरायला दोन प्रकारचं कसब लागतं. एक म्हणजे धार राखायची. दगडावर ती आणायची आणि रोज पट्ट्यावर घोटायची. दुसरं, हात स्थिर ठेवून पात्याचा कोन सांभाळायचा. हलत्या गाडीत किंवा बोटीवर दुसऱ्याची पंचाईत होते आणि धारेच्या सामानामुळे पिशवी जड होते. पॅरिसचा हत्यारं बनवणारा झाँ-जाक पेरे यानं 1769च्या सुमारास एक पुस्तक काढलं. स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला, असं त्याच्या नावातच होतं. वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण घालून कातडीत खोल जाण्याचा धोका त्यानं कमी केला. पुढं 1880 साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी दांडीवर आडवं बसणाऱ्या छोट्या पात्याचं पेटंट घेतलं. हात कापण्याची भीती गेली. पण ते पातंही जाडच होतं आणि त्याला धार लावावीच लागे. पट्टा आणि दगड काही पिशवीतून हलले नाहीत.

ते हलवले एका फिरत्या विक्रेत्यानं. किंग कँप जिलेट हे त्याचं नाव. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा माल घेऊन तो गावोगाव हिंडे. त्याच कंपनीच्या विल्यम पेंटरनं त्याला सल्ला दिला होता की, गिऱ्हाईक एकदा वापरून फेकेल आणि पुन्हा विकत घ्यायला येईल, असं काहीतरी शोधून काढ. 1895 साली एका सकाळी आरशासमोर बोथट वस्तरा हातात घेऊन उभं असताना त्याला सुचलं की, दाढीला लागते ती फक्त धार, मागचं लोखंड कशाला हवं? पातळ पत्र्याचं पातं करायचं, दोन्ही कडांना धार द्यायची, बोथट झालं की फेकून द्यायचं.

कल्पना सोपी होती, पोलाद मात्र ऐकेना. इतका पातळ पत्रा कठीण करायला गेलं की तो वाकडा होई. जाणकारांनी हे होणार नाही म्हणून हात झटकले. अखेर बोस्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या विल्यम निकर्सन यानं पातं कडक करण्याची आणि धार लावण्याची यंत्रं तयार केली. 1901 साली कंपनी निघाली आणि 1903 साली विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षी खपले 51 रेझर आणि 168 पाती. दुसऱ्या वर्षी रेझरांचा आकडा 90 हजारांच्या पुढं गेला. किंमत पाच डॉलर होती, म्हणजे मजुरासाठी काही दिवसांची कमाई.

या पात्यातली खरी युक्ती प्रवासाच्या अंगानं पाहिली तर जास्त कळते. पातं दोन तबकड्यांच्या मध्ये धरून दांडी पिळली की ते किंचित वाकतं आणि ताठ होतं. वाकल्यामुळे कोन आपोआप ठरतो. म्हणजे हाताचं कसब रेझरच्या आकारात गेलं आणि धारेचं कसब कारखान्यात गेलं. दगड नको, पट्टा नको. दांडी पिळून सोडवली की तीन चपटे तुकडे. दहा पात्यांची जाडी पाकिटासकट पोस्टाच्या कार्डाच्या छोट्या गठ्ठ्याएवढी. अण्णांच्या डबीतली मोकळी जागा आली ती इथून.

पण ही डबी घराघरांत पोचली ती लढाईमुळे. अमेरिका 1917 साली पहिल्या महायुद्धात उतरली. खंदकांत विषारी वायू सोडले जात होते आणि दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर मुखवटा घट्ट बसत नाही. उवांचा त्रास वेगळाच. सैनिकानं रोज दाढी करायची, तर ती त्याला स्वतःलाच करता आली पाहिजे. अमेरिकन सैन्यासाठी सुमारे 35 लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती घेण्यात आली. खाकी वेष्टणातले छोटे संच निघाले. त्यातल्या काहींना न फुटणारा धातूचा आरसा होता. लढाई संपली तेव्हा ही लाखो माणसं संच घेऊन आणि रोजची सवय घेऊन घरी परतली. 1921 साली जिलेटच्या मूळ पेटंटची मुदत संपली, स्वस्त रेझर बाजारात आले आणि हा संच साध्या पगारदाराच्या आवाक्यात आला.

या सोयीची एक किंमतही पडली. दाढीच्या ब्रशचे चांगले केस बिज्जूचे आणि ते स्वच्छ करून बाजारात येत ते मुख्यतः जर्मनीतून. लढाईमुळे तो माल बंद झाला. मग पूर्वेकडून आलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश निघाले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांतून अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळी हा गुरांचा रोग माणसांच्या चेहऱ्यावर आला. दाढी करताना सूक्ष्म ओरखडे पडतात आणि जंतूंना तेवढी वाट पुरते. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मिळून सैनिक आणि नागरिक अशा दोनशेहून अधिक जणांना याची बाधा झाली आणि त्यातले काही दगावले. रेझर, साबण, आरसा सगळं तपासून घेतलं होतं, ब्रशकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णा ब्रश कधीही ओला मुठीत कोंबत नसत. खिडकीत उलटा टांगून सुकवत आणि मगच डबी बंद करत. त्यांना हा इतिहास ठाऊक नव्हता, पण शिस्त बरोबर होती.

आपल्या हिंदी पलटणींबरोबर त्या काळी न्हावी जात असत. म्हणजे अमेरिकन शिपायाच्या खिशात डबी आणि आपल्या शिपायाबरोबर धोकटी. हा फरक केवळ पैशाचा नव्हता. आपल्याकडे दाढी आणि हजामत हा कोण कुणाला शिवतो याचा प्रश्न होता. गांधीजींनी आत्मकथेत एक प्रसंग सांगितला आहे. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं तिरस्कारानं त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी बाजारातून केस कापायचं यंत्र आणलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले. मागची बाजू बिघडली आणि कोर्टात सगळे हसले. पण त्यापुढं त्यांनी जे नोंदवलं आहे ते महत्त्वाचं. त्या न्हाव्यावर राग धरण्यात अर्थ नाही, कारण आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही.

तो अनुभव साताऱ्यात एका मुलाला रोज येत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे की, साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, द्यायला पैसेही होते, पण एकही न्हावी त्यांच्या केसांना हात लावायला तयार नव्हता. भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण घरीच कापत असे. हे वाचल्यावर मी त्या डबीकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. माझ्या अण्णांना ती सोय वाटली. सकाळी वेळ वाचतो, एवढंच. पण परक्या गावात उतरल्यावर ज्याला कुणी न्हावी हात लावणार नाही, त्याच्यासाठी पिशवीतला स्वतःचा रेझर म्हणजे कुणाच्याही दारात उभं न राहण्याची मुभा होती.

त्यानंतरची कहाणी आपल्या डोळ्यांसमोरची आहे. 1962 साली इंग्लंडच्या विल्किन्सन कंपनीनं स्टेनलेस स्टीलचं पातं आणलं. आधीची पाती गंजत. कोकणच्या दौऱ्यावर अण्णा पातं पुसून त्याला खोबरेल तेलाचं बोट लावत आणि धार गेली की काचेच्या पेल्याच्या आतून घासून आणखी दोन दाढ्या काढत. स्टेनलेस आल्यावर तेल सुटलं, पेलाही सुटला. मग ट्यूबमधली क्रीम, डब्यातला फेस, 1971 साली दोन पात्यांचं काडतूस आणि 1975 साली आख्खा रेझरच फेकून द्यायची सोय. 2006 सालच्या लंडनमधल्या कटानंतर विमानात हातातल्या बॅगेतून न्यायच्या द्रवांवर बंधनं आली आणि गंमत म्हणजे साबणाच्या जुन्या कांडीला पुन्हा भाव आला, कारण ती द्रव नाही. सुटी पाती मात्र जवळच्या बॅगेतून नेता येत नाहीत. विमानानं जायचं तर मी रिकामा रेझर नेतो आणि पाती उतरल्यावर विकत घेतो.

कुणाला असा संच जमवायचा असेल तर माझा सल्ला साधा आहे. रेझर तीन तुकड्यांचा घ्या. साबण कांडीचा, म्हणजे वाटी लागत नाही, ओल्या गालावर कांडी फिरवायची आणि ब्रशनं तिथंच फेस करायचा. ब्रश कृत्रिम केसांचा असला तर लवकर सुकतो. तुरटी विसरू नका. आणि पाण्यात घाई करू नका. कोरडा केस तारेसारखा चिवट असतो, तो दोन-तीन मिनिटं भिजला की मऊ होतो. फेसाचं मुख्य काम ते पाणी गालावर धरून ठेवणं हेच.

आता त्या जुन्या नियमाकडे परत येतो. अण्णा शेवटची काही महिने अंथरुणावर होते. उजवा हात चालत नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांची दाढी वाढली तेव्हा मी हीच डबी उघडली. चाळीस वर्षं रोज दाढी करत आलेला माणूस मी, मला वाटलं यात काय अवघड आहे? पण रेझर हातात घेऊन त्यांच्यावर वाकलो आणि हात थबकला. सगळी दिशा उलटी. गाल सैल, कुठं ताणायचा ते कळेना. हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त आलं. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या दादांना बोलावून आणलं. ते आले, उशी सरकवली, अण्णांचं डोकं आपल्या डाव्या हाताच्या कुशीत घेतलं. त्यांच्या वस्तऱ्यात हल्ली आपल्या रेझरचंच पातं असतं, मधोमध मोडून अर्धं बसवलेलं. एड्सची धास्ती आल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पातं, अशी रीत पडली आहे. त्यांनी पिशवीत पाहिलं, पाकीट संपलेलं होतं. मी अण्णांच्या डबीतलं एक पातं पुढं केलं. त्यांनी ते कागदासकट मोडलं, अर्धं बसवलं आणि कामाला लागले. एक ओरखडा उठला नाही.

मी विचारलं, “दादा, मला का नाही जमलं?”

ते म्हणाले, “साहेब, आपली दाढी करताना आपला गाल आपल्याला आतून कळतो. दुसऱ्याचा बोटानं कळून घ्यावा लागतो.”

पुढं तीन महिने ते दर दोन दिवसांनी येत राहिले. अण्णा त्यांची वाट पाहत. डबी उशाशीच असायची. दादा आले की अण्णा डाव्या हातानं ती त्यांच्याकडे सरकवायचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)